रिझ्युमे लिहून देऊ नका, विचारत राहा

पहिल्या वर्षी केलेली चूक आधी सांगूनच टाकते. मुलाखतीत हमखास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची नमुना उत्तरं मी टाइप करून वर्गात वाटली. मुलं खूश, मीही खूश. पुढे निवडीसाठी आलेल्या एका बाईंनी सुट्टीत मला बाजूला घेतलं. "तुमच्या सगळ्या मुलांमध्ये एकच दोष कसा काय हो? सकाळपासून सात जणांनी सांगितलं, मी फार परफेक्शनिस्ट आहे." सातही वाक्यं माझीच होती, स्वल्पविरामासकट.

नोकरीचा अर्ज आणि मुलाखत यांची तयारी तुम्ही नव्याने शिकवायला घेत असाल, तर नमुन्यांचा गठ्ठा बाजूला ठेवा. मुलांकडे सांगण्यासारखं बरंच असतं. ते सांगण्यासारखं आहे, हेच त्यांना ठाऊक नसतं.

एका मुलीच्या रिझ्युमेत ओळ होती, 'संमेलनात सक्रिय सहभाग'.

"म्हणजे काय केलंस?"

"काही नाही मॅडम, नोंदणीच्या टेबलावर बसले होते."

"बसून?"

"नावं शोधून बिल्ले द्यायचे. पण यादी कशीही लावलेली होती, नाव सापडेपर्यंत रांग दाराबाहेर गेली. मग रात्री मी ती एक्सेलमध्ये अकारविल्हे लावली, तिचे तीन भाग केले आणि सकाळी तीन टेबलं मांडायला लावली. दुसऱ्या दिवशी रांगच लागली नाही."

"किती जण होते?"

"साडेतीनशे बिल्ले छापले होते."

एवढं सगळं तिने 'काही नाही'त जमा केलं होतं! शेवटी ओळ झाली : '३५० जणांची नोंदणी यादी अकारविल्हे लावून ३ टेबलांवर विभागली, दुसऱ्या दिवशी रांग लागली नाही.' लिहिली तिनेच, मी नुसती "मग?" म्हणत होते. 'सक्रिय' हा शब्द आपोआप गळाला. मात्र आकडा खराच हवा. आठवत नसेल तर ओळ आकड्याविना राहू द्या. 'कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढवली' असं ठोकून देणारा मुलगा "कशी मोजली?" या एका प्रश्नात आडवा होतो.

मांडणीवर फार तास घालवू नका. एक तपासणी मात्र प्रत्येकाकडून करून घ्या. पुष्कळ ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि दोन रकाने, तक्ते, टेक्स्ट बॉक्स यांत त्याचा गोंधळ होऊ शकतो. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करायला सांगा. पदवीच्या ओळीत फोन नंबर घुसला, की मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

अर्जासोबतच्या पत्रासाठी मी लिओनार्दो दा विंचीला वर्गात आणते. १४८२च्या सुमारास त्याने मिलानचा सत्ताधारी लुडोविको स्फोर्झा याच्यासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात वाहून नेता येणारे हलके पूल, तोफा, वेढा घालताना काय करता येईल, असे मुद्दे ओळीने येतात. चित्रकला येते अगदी शेवटी. "एवढा मोठा चित्रकार, मग असं का?" असं कुणीतरी विचारतंच. त्या वेळी मी फळ्यावर नोकरीची जाहिरात लिहिते आणि म्हणते, यांना कशाची गरज आहे ते अधोरेखित करा. पत्र तिथून सुरू होतं, 'मी लहानपणापासून मेहनती' इथून नाही. हल्ली एआयकडून लिहून आणलेली पत्रंही येतात. मी त्यांवरची नावं झाकून वर्गात वाचते आणि हे कुणाचं ते ओळखायला सांगते. कुणालाच ओळखता येत नाही. मग ज्याचं त्यालाच पुन्हा लिहावंसं वाटतं.

मुलाखतीच्या तयारीत प्रसंग, जबाबदारी, कृती, परिणाम हा क्रम सगळेच शिकवतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'स्टार' म्हणतात. मुलं अडकतात ती प्रसंगातच. दोन मिनिटांच्या उत्तरात दीड मिनिट पार्श्वभूमी, आणि कृतीच्या वेळी 'आम्ही केलं'. स्वतःची टिमकी वाजवायची नाही हे अंगात इतकं मुरलेलं असतं, की 'मी' म्हणताना जीभ अडखळते. आम्ही एक खेळ करतो : 'आम्ही' म्हटलं की समोरच्याने बोट वर करायचं आणि विचारायचं, "त्यातलं तुझं काय?" सुरुवातीला हशा होतो, तिसऱ्या फेरीपर्यंत उत्तरं नेमकी होतात.

सराव मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा आणि गुणांचे निकष आधी ठरवा. १९९८ साली श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पुढचं काम कसं होईल याचा अंदाज ऐसपैस गप्पांपेक्षा अशा आखीव मुलाखतींतून चांगला येतो, असं दिसलं. आपल्यालाही एक फायदा होतो : बोलक्या मुलांना आपण नकळत जादा गुण देतो, ते उघडं पडतं. माझं पडलं होतं. फोनवर रेकॉर्डिंग करा आणि पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवा. पेन टकटकवणारा हात ज्याचा त्यालाच दिसतो.

खरी मुलाखत देऊन आलेल्याला त्याच दिवशी प्रश्न लिहून ठेवायला सांगा, निकाल लागायच्या आधी. नकार आला की आठवण रागाने रंगते. आमच्या वर्गात त्यासाठी एक वही आहे. 'तुमचा दोष कोणता?' याखाली नोंदणीवाल्या मुलीने लिहिलंय, "मदत मागायला उशीर करते, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, संमेलनात मागितली होती का? मी म्हटलं, नाही, रात्रभर एकटीच यादी लावत बसले होते."