गोरं कुठे संपतं? मुलांना घेऊन करायचा गच्चीवरचा प्रयोग

मी ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्यात वाढले आणि चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीच्या मुलीला, सईला, गॅदरिंगच्या नाचात मागच्या रांगेत ढकललं. म्हणे लाइटमध्ये तिचा चेहरा दिसत नाही. घरी येऊन पोर दंडावर साबण घासत बसली. 'अगं, विठोबासुद्धा सावळाच ना,' मी म्हणाले. तिने विचारलं, 'मग मला मागे का उभं केलं?'

म्हणून पुढच्या रविवारी सोसायटीतली चौदा मुलं गच्चीवर जमवली. तुम्हालाही हे सहज करता येईल. रंगाच्या दुकानातून मातकट-तपकिरी छटांचं शेडकार्ड आणा. जगाचा नकाशा आणि खडू हवा. मुलांचे रक्तगट आदल्या दिवशी विचारून ठेवा, बहुतेकांच्या आयकार्डावर असतात.

शेडकार्ड दंडाच्या आतल्या बाजूला, काखेजवळ धरा, कारण तिथे ऊन पोचत नाही. मनगटावर धरलंत तर क्रिकेट खेळणारी पोरं उगाच काळी ठरतात. छटेचा नंबर चिठ्ठीवर लिहून त्या क्रमाने रांग लावा आणि एकाच्या हातात खडू द्या: गोरे संपतात तिथे रेघ मार. आमच्याकडे तिघांनी तीन ठिकाणी रेघा मारल्या आणि भांडण जुंपलं. भांडू द्या! शेजारच्या दोघांत फरक कळत नाही, टोकाच्या दोघांत ढळढळीत दिसतो. केनियातून इजिप्तमार्गे नॉर्वेपर्यंत गेलात तरी असंच आहे, रंग हळूहळू उतरत जातो, कुठल्याच वेशीवर एकदम बदलत नाही.

आता कारण सांगा, आणि इथे घाई नको. कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी सगळ्यांना जवळपास सारख्याच असतात. त्या मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, किती आणि कोणतं बनवतात, एवढाच फरक. विषुववृत्ताजवळचे तीव्र अतिनील किरण शरीरातलं फोलेट, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, नासवतात, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदू-मणक्याला फोलेट लागतं. म्हणून तिथे गडद रंग टिकला. उत्तरेला ऊन कमी, आणि उन्हाशिवाय कातडीत ड जीवनसत्त्व बनत नाही, म्हणून तिथे फिका रंग टिकला. नीना जाब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० साली ही मांडणी केली. एखादं चौकस मूल विचारेल, मग उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात राहणारे इन्युइट लोक गोरेपान का नाहीत? मासे आणि समुद्री प्राण्यांची चरबी खाऊन त्यांना ड जीवनसत्त्व मिळतं. मी हे आमच्या बांगड्या-तारलीवरून सांगितलं.

मग रांग मोडा आणि रक्तगटाप्रमाणे उभं करा. सई बी पॉझिटिव्ह. तिच्या शेजारी येऊन उभा राहिला तो मघाच्या रांगेतला अगदी पहिला, सगळ्यात उजळ मुलगा. दोघं एकमेकांकडे बघतच राहिली. रंगाची वाटणी रक्तगटाच्या वाटणीशी जुळत नाही. आनुवंशिकीचे अभ्यासक रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ मध्ये रक्तातल्या प्रथिनांवरून हाच हिशेब मांडला होता: माणसामाणसातल्या आनुवंशिक फरकापैकी सुमारे ८५ टक्के फरक एकेका लोकसमूहाच्या आतच सापडतो, तथाकथित वंशांमधला फरक जेमतेम ६ टक्के.

नकाशा शेवटी काढा. पापुआ न्यू गिनी आणि आफ्रिका, दोन्हीकडे रंग गडद. तरी पापुआतला माणूस नात्याने आफ्रिकेतल्या माणसापेक्षा आपल्याला जवळचा, कारण सुमारे ५० ते ७० हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेबाहेर पडलेल्या शाखेची तो आणि आपण दोघंही लेकरं. वाशीच्या लोकलमध्ये आफ्रिकन माणूस दिसला की खिदळणाऱ्या मुलांना हेही सांगा की माणसातली सर्वाधिक आनुवंशिक विविधता आफ्रिकेतच आहे.

मुलं मोठी असतील तर मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्याबद्दल जरूर बोला. बर्लिनमध्ये पीएचडी करताना त्यांचे मार्गदर्शक युगेन फिशर यांना कवट्यांच्या ठेवणीवरून युरोपीय वंश श्रेष्ठ ठरवायचा होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी असा संबंध दिसत नाही, असं त्याच गुरूपुढे मांडलं. परक्या देशात, विद्यार्थिनी असताना! मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

चिठ्ठ्या फेकू नका. मे महिन्याच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजा, या वेळी दंड आणि मनगट दोन्ही. सईने तिचे दोन्ही नंबर वहीत शेजारी शेजारी लिहिलेत. तिच्या एकटीच्या हातावर चार छटांचा फरक आहे.