कापडाचा स्ट्रेच मोजताना या चुका टाळा

दुकानदार कापड दोन्ही हातांनी खसकन ओढून म्हणतो, ‘बघा ताई, केवढं ताणतंय!’ त्यावर भुलून लेगिंगचं कापड फाडून घेऊ नका. जोर लावला की बनियनचं साधं होजिअरी कापडही पसरतं. कापड किती सहज ताणलं जातं आणि सोडल्यावर मागे येतं का, हे दोन्ही बघावं लागतं.

कापडाला घडी अशी घाला, की घडीची रेघ किनारीला, म्हणजे कापडाच्या लांबीकडच्या न कापलेल्या काठाला, काटकोनात येईल. किनारीपासून आणि कापलेल्या कडेपासून लांब, घडीवर 10 सेंमी अंतराने दोन टाचण्या लावा. पहिली पट्टीच्या शून्यावर धरून दुसरी सावकाश ओढा. घडी गुंडाळायला लागली की थांबा. 13 वर पोचली तर स्ट्रेच 30 टक्के, 15 वर पोचली तर 50. कापलेली कड एकेरी ओढली तर ती वळते आणि आकडा फुगतो. किनार बहुधा कडक, तिथे तो कमी येतो.

आता सोडून द्या. मिनिटभराने अंतर 10.5 सेंमी राहिलं, तर त्या कापडाची लेगिंग गुडघ्यावर पोतं होणार. ही तपासणी बहुतेक जण करतच नाहीत.

मग उभी दिशाही मोजा. योगासनांच्या कपड्यांना दोन्हीकडचा स्ट्रेच लागतो. तिरकं मात्र ओढू नका. उरेबात साधं सुती कापडसुद्धा ताणतं.

लेबलवरचे 5 टक्के लायक्रा म्हणजे धाग्याच्या वजनातला वाटा, स्ट्रेचचा आकडा नव्हे. सुती होजिअरी आधी धुवून, वाळवून मोजा, कारण आटल्यावर माप बदलतं. गडद किंवा छापील कापड ताणून उजेडात धरा, आतून पांढरं दिसतंय का बघा.

टी-शर्टचा गळा डोक्यातून जात नाही, ही नेहमीची तक्रार. डोक्याचा घेर 56 सेंमी आणि गळापट्टी 46 सेंमी असेल, तर पट्टीला किमान 22 टक्के स्ट्रेच हवा. 20 टक्क्यांत ती 55 वर अडते. स्ट्रेच कमी पडत असेल तर पट्टी लांब घ्या, गळाही त्याच प्रमाणात मोठा कापा, नाहीतर पट्टी लाटा मारते.

कापड ताणतंय पण शिवण तटकन तुटते? मग सरळ टाका सोडून अरुंद झिगझॅग घाला. मशीन मधले टाके गाळत असेल तर 11 किंवा 14 नंबरची बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुई लावा.