अपडाऊनवाल्यांचा नाष्टा: धपाटे, दशमी आणि सातूचं पीठ

मी परभणीहून नांदेडला रोज रेल्वेनं अपडाऊन करतो, सकाळी सव्वासहाला घर सोडावं लागतं, बायको शाळेवर जाते आणि तिची बस माझ्याही आधी असते, त्यामुळं कुणी गरम गरम डबा हातात देईल ही अपेक्षाच चुकीची. पहिली दोन वर्षं पूर्णा जंक्शनला गाडी थांबली की खाली उतरून भजे नाहीतर वडापाव, असंच चाललं. मग रोज अकरा वाजता जळजळ सुरू, खिशात गोळ्यांची पट्टी. शेवटी स्वतःच करायला लागलो आणि आता चार वर्षं झालीत, जे जमलं ते सांगायलो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपला नाष्टा गाडीत उभ्यानं खायचाय. म्हणजे तो एका हातानं खाता आला पाहिजे कारण दुसऱ्या हातानं दांडा धरलेला असतो, त्यातून पाणी-तेल गळायला नको, आणि मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये बॅगेत तीन तास टिकला पाहिजे. यूट्यूबवरचे ते रात्रभर भिजवलेले ओट्स मी करून बघितले, दुधातले, वर केळाचे काप वगैरे. नांदेडच्या अलीकडचं लिंबगाव येईस्तोवर दूध फाटलं आणि झाकणातून गळून माझ्याच ऑफिसच्या फायलीवर. त्या फायलीला अजून वास आहे. ज्यांच्या ऑफिसात फ्रीज आहे त्यांनी करा बापा, आपलं काम नाही ते.

आपल्याकडं याचं उत्तर आधीपासूनच आहे, धपाटे. आजी शेतात जाताना फडक्यात बांधून न्यायची तेच.

चार-पाच धपाट्यांना दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन. त्यात आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या आणि चमचाभर जिरं असं खलबत्त्यात ठेचून, मिक्सरला लावलं तर त्याची पेस्ट होते आणि ती मजा येत नाही. ओवा हातावर चोळून, हळद, मीठ, मूठभर मेथी नाहीतर कोथिंबीर, तीन चमचे दही. कांदा घालू नका. घरी ताटात गरम खायचे असतील तर खुशाल घाला पण डब्याला कांदा नको, त्याला पाणी सुटतं आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबूस वास मारतो.

ज्वारीत ग्लुटेन नसतं म्हणून तिचं पीठ गव्हासारखं ताणत नाही, ते धरून ठेवायचं काम कणीक आणि दही करतं. पीठ जुनं असेल तर विरी म्हणजे चिकटपणा गेलेला असतो, कितीही मळा थापताना कडेनं चिरतंच. त्यामुळं दळण थोडं थोडं आणा, आठ-दहा दिवसांपुरतं, आणि तरी चिरत असेल तर कोमट पाण्यानं मळा. ज्वारी मालदांडी घ्या नाहीतर आमच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती, दोन्ही चांगल्या. विद्यापीठाची परभणी शक्ती म्हणून पण एक जात आहे, 2018 ची, लोह आणि जस्त जास्त असलेली, मिळाली तर बघा.

पीठ भाकरीपेक्षा सैल पाहिजे. आता खरी गंमत इथून पुढं. सुती फडकं, जुन्या धोतराचं असेल तर सगळ्यात भारी, ओलं करून घट्ट पिळायचं, पोळपाटावर पसरायचं, त्यावर लिंबाएवढा नव्हे, चांगला संत्र्याएवढा गोळा ठेवून बोटं पाण्यात बुडवत बुडवत थापायचं. मधून कडेला, कडेनं परत मधे. पातळ झालं की बोटानं मधे तीन-चार भोकं. मग फडक्यासकट उचलून तव्यावर उलटं टाकायचं आणि फडकं एका कडेनं हळूच सोडवायचं. माझे पहिले आठ दिवस निम्मं धपाटं फडक्याला आणि निम्मं तव्याला, कारण मी फडकं नीट पिळतच नव्हतो आणि तवा पण गरम नसायचा. तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की नाचला पाहिजे. भोकांत थेंब थेंब तेल सोडा, कडेनं थोडं, झाकण ठेवा, मग उलटून परत. दोन्ही बाजूंनी खरपूस डाग पडू द्या, पांढरट काढलेलं धपाटं लवकर खराब होतं.

सकाळी एवढं सगळं कोण करणार, असं म्हणाल. कोरडी तयारी रात्री करा, म्हणजे तिन्ही पिठं मापून परातीत, ठेचा वाटीत झाकून फ्रीजमधे. पीठ मात्र रात्री मळून ठेवू नका, सैल पडतं. सकाळी मळण्यापासून पाच धपाटी व्हायला मला पंचवीस मिनिटं लागतात, त्यातली दहा मिनिटं चहा प्यायची.

आणि डबा भरायची घाई करू नका, लोकं इथंच चुकतात. गरम धपाटं स्टीलच्या डब्यात कोंबलं की वाफेचं पाणी होतं, खालचं धपाटं लिबलिबीत आणि तेच आधी खराब होतं. चाळणीवर नाहीतर दुरडीत पाच-सात मिनिटं पसरून ठेवा, गार झालं की सुती कापडात गुंडाळून डब्यात. पेपरात गुंडाळू नका, छपाईची शाई अन्नाला लागते, अन्नसुरक्षेचं बघणाऱ्या सरकारी एफएसएसएआयनं सुद्धा 2023 मधे सांगितलंय तसं करू नका म्हणून.

सोबत दही न्यायची सवय असेल तर घट्ट फिरकीच्या डबीत न्या आणि उन्हाळ्यात नेऊच नका. त्यापेक्षा कोरडी चटणी. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची, तिन्ही आळीपाळीनं. जवस मंद भाजायचे, तडतडायला लागले की उतरवायचे, थोडं जास्त झालं की कडू लागतात, मग लसूण, लाल तिखट, मीठ घालून जाडसर कुटायचे. जवसात ओमेगा-3 असतं, त्यासाठी लोकं महागाच्या कॅप्सूल घेतात अन आपल्याकडं ती चटणी गरिबाची म्हणून बाजूला सारली.

रोज तिखट नको वाटलं तर दशमी. कणीक आणि ज्वारीचं पीठ अर्धं अर्धं, किसलेला गूळ कोमट दुधात विरघळवून त्यातच मळायचं, पाणी अजिबात नाही, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. जाडसर लाटून मंद आचेवर भाजा, गुळामुळं पटकन करपते. दुधातली म्हणून दिवसभर मऊ राहते. थंडीत दोन दिवस आरामात जाते, उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवायची. शुगरवाल्यांनी गूळ वगळून तीळ आणि जिरं घालून करावी, तशी पण चांगली लागते.

मुरमुऱ्याची सुशीला पण बरीच मंडळी नेतात. मुरमुरे दोन मिनिटं भिजवून पिळायचे, कांदा-मिरची-कढीपत्ता-शेंगदाण्याची फोडणी, वरून दोन-तीन चमचे डाळव्याचं (भाजक्या हरभऱ्याच्या डाळीचं) पीठ आणि लिंबू, दहा मिनिटांत काम होतं. पण ती चमच्यानं खायची वस्तू, बसायला जागा मिळाली तरच. आणि नुसत्या मुरमुऱ्यानं पोट टिकत नाही, शेंगदाणे आणि डाळव्याचं पीठ हात सैल सोडून घाला.

ज्या दिवशी उठायलाच उशीर होतो त्या दिवसासाठी घरात दोन गोष्टी कायम ठेवतो. एक, उकडलेली अंडी, दोन अंड्यांत साधारण 12 ग्रॅम प्रोटीन मिळतं, कवच काढायचं नाही, खातानाच सोलायचं, सोललेल्यापेक्षा कवचातलं अंडं जास्त टिकतं. आमच्या रेल्वेच्या डब्यात माळकरी मंडळी बरीच आहेत म्हणून ती मी नांदेडला उतरूनच खातो, उगं कुणाला त्रास नको.

दुसरं सातूचं पीठ. दोन वाट्या गहू धुऊन कडक वाळवून खमंग भाजायचे, त्यात एक वाटी डाळवं, थोडं जिरं, सुंठेचा तुकडा, आणि गिरणीतून बारीक दळून आणायचं. डब्यात महिनाभर राहतं. रात्रीच बाटलीत चार चमचे पीठ आणि दोन चमचे गुळाची पावडर कोरडीच भरून ठेवतो, पाणी गाडीत बसल्यावर घालायचं, आधी थोडंच घालून हलवायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग बाकीचं. बाटली रुंद तोंडाची घ्या. माझी पहिली अरुंद तोंडाची होती, बुडाला बसलेलं पीठ काढायला ऑफिसात स्केचपेन वापरावा लागला.