सोलापुरात पतसंस्थेचं वैयक्तिक कर्ज काढताय? या चुका टाळा

जूनमधली शाळेची फी, लग्नसराई, दवाखान्याचं बिल, नाहीतर बंद पडलेला माग. पन्नास हजार ते दोन लाखांची गरज अशीच उभी राहते आणि पगारपत्रक नाही म्हणून मोठ्या बँकेनं परत पाठवलं की माणूस पेठेतल्या पतसंस्थेकडे वळतो. त्यात गैर काही नाही. ओळखीवर आणि जामिनावर कर्ज देणं हेच या संस्थांचं काम आहे. पण पुढची बहुतेक भांडणं कर्ज घेतानाच्या पहिल्या तासातच रुजलेली असतात. दर विचारला, सह्या केल्या, निघालो, असं झालेलं असतं.

संस्था कुणाच्या अंमलाखाली आहे, हे न बघणं

एकाच रस्त्यावरच्या चार पाट्यांना चार वेगळे नियम लागू असू शकतात. नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण असतं. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नव्या वैयक्तिक कर्जासाठी तिनं तुम्हाला की फॅक्ट स्टेटमेंट द्यायलाच हवं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाला खरा दर किती पडतो ते छापलेलं असतं. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली, म्हणजे राज्याच्या सहकार खात्याकडे येते. तिच्यावर त्या कागदाचं बंधन नाही, म्हणून तोच हिशोब तुम्हालाच मागून घ्यावा लागतो. पाटीवर ‘मल्टिस्टेट’ (एकाहून जास्त राज्यांत काम करणारी संस्था) असेल तर कायदा २००२ चा आणि निबंधक, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख करणारा अधिकारी, दिल्लीतला. वाद झाला तर प्रकरण लवादाकडे जातं, इथल्या सहकार कार्यालयात चकरा मारून उपयोग होत नाही.

तुमच्या कार्यालयाची किंवा शाळेची पगारदार सेवकांची पतसंस्था असेल, तर आधी तिथंच विचारा. राज्याच्या सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे हप्ता पगारातूनच कापून जातो. संस्थेची जोखीम कमी राहते, त्यामुळे दरही बऱ्याचदा इतरांपेक्षा कमी असतो. महिला बचत गटातलं अंतर्गत कर्ज छोट्या रकमेला ठीक. मात्र दरमहा शेकडा दोन रुपये म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे डोक्यात असू द्या.

‘मी तर कर्जदार, संस्था बुडाली तर माझं काय जातं?’ असं म्हणणारे बरेच भेटतात. जातं. कर्ज घेताना सभासद म्हणून घ्यावे लागलेले तुमचे शेअर्स आणि सक्तीची ठेव तिथंच अडकलेली असते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही आणि शेअर्सना तर कुठंच नाही. कर्ज मात्र माफ होत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. असं झालं की अवसायक, म्हणजे बंद पडलेल्या संस्थेचा कारभार आवरणारा अधिकारी, येतो आणि येणं कर्ज वसूल करणं हे त्याचं पहिलं काम असतं. म्हणून सभासद होण्याआधी मागच्या वर्षीचा छापील अहवाल मागा आणि त्यात ऑडिट वर्ग (लेखापरीक्षकानं संस्थेला दिलेली श्रेणी) आणि थकबाकी या दोन गोष्टी पाहा. अहवाल दाखवायला जी संस्था काचकूच करते, ती नंतर खातेउताराही सहजासहजी देत नाही.

‘बारा टक्के’ ऐकून मान डोलावणं

द.सा.द.शे. १२ टक्के, पण कशावर? इथं सगळ्यात जास्त पैसा जातो. एक लाखाचं कर्ज, मुदत ३६ महिने धरा.

घटत्या शिलकीवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर, १२ टक्के असेल तर हप्ता साधारण ३,३२१ रुपये आणि तीन वर्षांचं एकूण व्याज साधारण १९,५७० रुपये.

सरळ म्हणजे फ्लॅट १२ टक्के असेल तर दरवर्षी पूर्ण लाखावर १२,००० रुपये. तीन वर्षांचे ३६,००० आणि हप्ता ३,७७८ रुपये. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर २१ टक्क्यांच्या वर जातो.

हप्त्यात फरक साडेचारशेचा दिसतो म्हणून तो नजरेतून सुटतो. विचारायचं एवढंच: ‘पहिला हप्ता भरल्यावर पुढच्या महिन्याचं व्याज किती रकमेवर लागणार?’ मग हप्त्यांचा तक्ता छापून घ्या. प्रत्येक हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती, हे वेगळं दाखवलेलं असलं पाहिजे. तक्ता ‘कॉम्प्युटरवर आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

फ्लॅटमध्ये दुसरी गोम मुदतीआधी फेडण्याची. वर्षभरानं बोनस मिळाला आणि खातं बंद करायला गेलात, तर उरलेल्या दोन वर्षांचे २४,००० व्याजही मागतात की सोडून देतात? नियम संस्थेगणिक बदलतो. मंजुरीपत्रावर लिहून घेतलेलं असेल तरच त्याला अर्थ.

दंडव्याजाचंही तसंच. ‘थकलं तर जादा २ टक्के’ हे वाक्य सगळीकडे सारखं असतं, पण ते थकलेल्या हप्त्यावर की सगळ्या शिलकीवर? ३,७७८ च्या एका हप्त्यावर वर्षाला २ टक्के म्हणजे ७६ रुपये. ८०,००० च्या शिलकीवर तेच १,६०० रुपये.

हातात किती पडणार हे न मोजणं

एक लाख मंजूर झालं म्हणजे एक लाख हातात पडत नाही. नमुन्यादाखल: शेअर्सपोटी ५ टक्के कपात, ५,००० रुपये. प्रोसेसिंग १ टक्का जीएसटी धरून १,१८०. कर्जविमा ७००. फॉर्म, स्टॅम्प, नोटरी ५००. हातात उरले ९२,६२०. व्याज मात्र पूर्ण लाखावर. दवाखान्याला नेमके एक लाख भरायचे असतील तर सात-आठ हजारांसाठी पुन्हा कुणापुढे तरी हात पसरावा लागतो, तोही बहुधा महाग ठिकाणी. कपातीची यादी आधी मागा आणि अर्ज त्या बेतानं वाढवा.

शेअर्सचे पैसे बुडीत नसतात, त्यावर लाभांश मिळतो (कायद्यानं कमाल १५ टक्के). नाममात्र सभासद करून कर्ज दिलं असेल तर लाभांशही नाही आणि मताचा हक्कही नाही. पावतीवर ‘शेअर्स’ लिहिलंय की ‘प्रवेश फी’, ते तिथल्या तिथे वाचा. प्रवेश फी परत येत नाही.

फाईल नेमकी कुठं अडकते

*नावात.* सोलापुरातल्या तेलुगू आणि कन्नड घरांत हा घोळ हमखास. आधारवर आडनाव आधी, पॅनवर नुसती आद्याक्षरं, पासबुकावर तिसरंच. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचंही तेच. मंजुरीच्या दिवशी प्रतिज्ञापत्रासाठी धावण्यापेक्षा आधार आणि पॅन आधीच जुळवून घ्या.

*पत्त्यात.* पतसंस्थेला उपविधीत, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमावलीत, ठरलेलं कार्यक्षेत्र असतं आणि त्याबाहेरच्या माणसाला सभासद करता येत नाही. कुंभारीच्या रे नगरमध्ये जानेवारी २०२४ पासून हजारो विडी, यंत्रमाग आणि असंघटित कामगारांना घरं मिळाली. आधारवर पत्ता शहरातल्या पेठेचा, राहणं दक्षिण सोलापूर तालुक्यात. ‘सोलापूर शहर’ एवढंच कार्यक्षेत्र असलेल्या संस्थेत अशी फाईल घरतपासणीला थांबते. अर्ज विकत घेण्याआधी कार्यक्षेत्र विचारा.

*उत्पन्नात.* मागावरचा पगार आठवड्याला आणि रोख मिळत असेल तर दाखवायला काही राहत नाही. निदान सहा महिने तो खात्यात भरून मग काढत जा. पीएफ कापला जात असेल तर त्याचा उतारा जोडा, विडी कामगारांच्या बाबतीत तो फार कामाला येतो. दुकान असेल तर शॉप ॲक्ट किंवा उद्यम नोंदणी.

*तारखेत.* कर्ज उपसमितीची किंवा संचालक मंडळाची बैठक बऱ्याच ठिकाणी महिन्यातून एकदाच होते. बैठकीच्या आठवडाभर आधी पूर्ण कागद पोचले नाहीत तर अर्ज सरळ पुढच्या महिन्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळा कर्मचारीवर्ग वसुलीला जुंपलेला असतो, तेव्हा नवीन कर्जाचं कुणी मनावर घेत नाही. लग्न एप्रिलमध्ये असेल तर अर्ज जानेवारीतच टाका.

पिग्मी भरली म्हणजे हप्ता भरला, असं समजणं

पिग्मी म्हणजे एजंटाकडे रोज थोडे थोडे पैसे भरायचं बचत खातं. छोट्या दुकानदारांची ही चूक नेहमीची. ३,३२१ चा हप्ता, रोज १३० रुपये, महिन्याचे २६ दिवस म्हणजे ३,३८० रुपये. हिशोब बरोबर आहे. पण ते पैसे जमा होतात पिग्मी खात्यात. तिथून कर्ज खात्यात वर्ग करा असं कुणी लेखी सांगितलेलं नसतं. पिग्मीत पैसे साठत जातात, कर्ज थकीत होतं, दंडव्याज चढतं आणि जामीनदाराच्या घरी पत्र जातं. ‘दरमहा ५ तारखेला पिग्मी खात्यातून कर्ज खात्यात हप्ता वर्ग करावा’ असा अर्ज द्या, एका प्रतीवर पोच घ्या. एजंटानं यंत्रातून काढलेली पावती जपून ठेवा आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन पासबुक भरून आणा. एजंटाच्या वहीतली नोंद संस्था आपली मानेलच असं नाही.

जामिनाची सही म्हणजे उपकाराची सही

‘नुसती सही आहे’ म्हणून जामीन राहणारे आणि तसं सांगून जामीन राहायला लावणारे, दोघंही चुकतात. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेनं आधी कर्जदाराच्याच मागं लागलं पाहिजे असं बंधन नाही. पगारदार जामीनदार सापडायला सोपा, म्हणून बऱ्याचदा आधी त्याचाच पगार अडकतो.

कर्जदारानं बघायचं ते हे: जामीनदाराचं स्वतःचं कर्ज थकलेलं नाही ना, आणि तो आणखी किती जणांना जामीन आहे. ‘तू माझा, मी तुझा’ अशा उलटसुलट जामिनावर अनेक संस्था फाईल परत करतात. जामीनदारानं बघायचं: मंजुरीपत्राची प्रत स्वतःकडे ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी खात्याची स्थिती विचारावी. कर्जाची रक्कम किंवा अटी त्याला न विचारता बदलल्या तर हरकत लेखी घ्यावी.

कोरे चेक

चेक मागतात, द्यावेही लागतात. पण रक्कम आणि तारीख न लिहिता सही करून दिलेला चेक म्हणजे आकडा भरायचा हक्क दुसऱ्याला देणं. चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात. चेकवर संस्थेचं नाव तरी लिहा, क्रॉस करा, चेक क्रमांकांची यादी करून त्यावर शाखेचा शिक्का घ्या.

नोटीस न उघडता ठेवून देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. हप्ते थकले की पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी, म्हणजे थकबाकी वसूल करायच्या आदेशासाठी, निबंधकाकडे अर्ज करते. कर्जदाराला आणि जामीनदारांना सुनावणीची नोटीस येते. बोलायची खरी संधी ती असते. पासबुक, सगळ्या पावत्या आणि खातेउतारा घेऊन जा. कुठला हप्ता जमा दाखवलेला नाही, दंडव्याज कशावर लावलंय, हे तारखेनिशी लेखी द्या आणि पोच घ्या. ‘परिस्थिती नाही’ एवढंच म्हणून भागत नाही, कारण तिथं हिशोब तपासला जातो.

हजरच राहिला नाहीत तर दाखला एकतर्फी निघतो. मग विशेष वसुली अधिकारी कलम १५६ खाली जप्तीपर्यंत जाऊ शकतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण (फेरतपासणी) अर्ज करता येतो, पण त्यासाठी आधी निम्मी रक्कम भरावी लागते. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत तो निम्मी थकबाकी कुठून आणणार? म्हणून पहिला हप्ता चुकला की त्याच आठवड्यात शाखेत जा आणि मुदत वाढवून हप्ता लहान करण्याचा अर्ज द्या. दाखल्याआधी संस्था ऐकून घेते, नंतर फार कमी.

हप्ता तुटक भरत असाल तर पैसे आधी खर्च आणि दंडव्याजात, मग व्याजात आणि शेवटी मुद्दलात जातात, हेही ध्यानात घ्या. ‘वर्षभर भरतोय तरी मुद्दल तेवढंच’ याचं कारण बहुधा हे असतं.

एक हप्ता भागवायला सावकाराकडे जाणं

शेकडा दहा रुपये महिना म्हणजे वर्षाला १२० टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती कर्जावर ठरवून दिलेला दर तारणावर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण १८ टक्के, म्हणजे महिना शेकडा दीड रुपया. व्याजावर व्याज लावता येत नाही. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते. कर्जापोटी घर किंवा जमीन खरेदीखतानं लिहून घेतली असेल तर १५ वर्षांच्या आतले व्यवहार तपासून ती परत देण्याचा अधिकार निबंधकाला आहे. एटीएम कार्ड किंवा सही केलेला कोरा स्टॅम्प कुणाकडे ठेवू नका, कितीही घाई असली तरी.

फेडून झाल्यावर नुसतं घरी जाणं

शेवटच्या हप्त्याच्या पावतीनं खातं बंद होत नाही. कधी दोन-तीनशे रुपये व्याज शिल्लक राहतं आणि वर्षानं थकबाकीच्या यादीत नाव येतं. शून्य बाकीचा खातेउतारा आणि बेबाकी दाखला घ्या. यादीप्रमाणे चेक मोजून परत घ्या. पगारकपात असेल तर ती थांबवण्याचं पत्र कार्यालयात स्वतः पोचवा, नाहीतर पुढचा महिनाही कापून जातो. सातबारा किंवा सिटी सर्व्हे उताऱ्यावर बोजा असेल तर संस्थेचं पत्र घेऊन तो कमी करून घ्या. कर्ज सहकारी बँकेचं असेल तर दोन महिन्यांनी सिबिल अहवालात खातं बंद दिसतंय का बघा. जामीनदाराला दाखल्याची एक प्रत द्या. शेअर्सचा राजीनामा मात्र लगेच टाकू नका. पुन्हा कर्ज लागणार असेल तर जुने शेअर्स धरले जातात आणि पुढच्या वेळी कपात तेवढी कमी होते.