विज्ञानकथेत उसनी कल्पना : या चुका टाळा

दिवाळी अंकाला पाठवलेली माझी एक विज्ञानकथा साभार परत आली. सातव्या पानावरच्या एका परिच्छेदाला पेन्सिलीने कंस घातला होता आणि शेजारी एकच शब्द होता : "कुणाचं?" परिच्छेद एका इंग्रजी पुस्तकातून मी जवळजवळ जसाच्या तसा उतरवला होता. मराठीत आणलं म्हणजे आपलं झालं, ही माझी समजूत. ते होत नाही. भाषांतरालाही परवानगी लागते. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच स्पष्ट केलंय. तेव्हा कल्पना खुशाल घ्या, पण लिहायला बसताना ते पुस्तक मिटलेलं असू द्या.

आता कायदा आड येत नाही म्हणून नावच गाळायचं, ही त्याहून सर्रास होणारी चूक. कृष्णविवर किंवा डीएनए वापरलं म्हणून कुणाचे आभार मानायची गरज नाही, ते पाठ्यपुस्तकातलं आहे. पण एखाद्याची खास युक्ती काढून घेतली तर तुमची गोष्टच कोसळत असेल, तर त्याचं नाव द्यायलाच हवं.

नाव देतानाही घसरायला होतं. आपण जिथे वाचलं, तोच लेखक जनक ठरतो. अंतराळात जाणारी लिफ्ट घ्या. आयफेल टॉवरवरून सुचलेला आकाशाएवढा मनोरा रशियन रॉकेटशास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कींनी १८९५ साली मांडला. तो जमिनीवरून वर चढवायचा होता. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या भूस्थिर (म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी थांबलेला दिसणाऱ्या) उपग्रहापासून तार खाली सोडायची, हे मात्र रशियन अभियंते यूरी आर्त्सुतानोव यांचं, १९६० सालच्या एका रशियन वृत्तपत्रातलं. आर्थर क्लार्कनी १९७९ साली या लिफ्टवर कादंबरी लिहिली आणि शेवटच्या टिपणात आर्त्सुतानोवना श्रेय दिलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी चार्ल्स शेफिल्ड यांचीही तशीच कादंबरी आली. चोरीची कुजबुज व्हायच्या आत क्लार्कनी खुलं पत्र लिहून हा निव्वळ योगायोग असल्याचं सांगितलं.

उलटंही घडतं. ताऱ्याची ऊर्जा पकडायला त्याच्याभोवती उभारायच्या काल्पनिक कवचाला, 'डायसन गोला'ला, ज्यांचं नाव मिळालं ते भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन स्वतः सांगत, की ही कल्पना आपण ओलाफ स्टेपल्डन यांच्या १९३७ सालच्या कादंबरीतून घेतली.

श्रेय द्यायचं म्हणून एखाद्या पात्राला पानभर व्याख्यान द्यायला लावू नका. "संदर्भ : इंटरनेट" तर नकोच, त्यापेक्षा काही न लिहिलेलं बरं. उसनं काय आणि मनाचं काय, एवढं वेगळं केलं की दोन ओळी पुरतात :

"भूस्थिर कक्षेतून सोडलेल्या तारेची कल्पना यूरी आर्त्सुतानोव यांची (१९६०). तारेचा पदार्थ आणि ती तुटण्याचा प्रसंग काल्पनिक."

आणि ही टीप कथेच्या शेवटी छापा. आधी छापलीत, तर तार तुटणार हे वाचकाला पहिल्याच पानावर कळेल.