उंच शेडमध्ये दिवे बसवताना

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नवी शेड उभी राहिली की शेठचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दिवे किती लागतील? मी उत्तर देण्याआधी खाली कोणते काम चालणार आहे आणि वर पोचायचे कसे, या दोन गोष्टी विचारून घेतो. घरातला दिवा गेला तर स्टुलावर चढून बदलता येतो. आठ मीटर उंचीवरचा दिवा बदलायचा म्हणजे सिझर लिफ्ट (कात्रीसारखी उघडत माणसाला वर नेणारी) भाड्याने आणावी लागते, खालचा माल हलवावा लागतो, अर्धा दिवस काम बंद राहते, आणि हा सगळा खर्च बहुतेक वेळा दिव्याच्या किमतीवर जातो. म्हणून या कामात जे जे जमिनीवर उरकता येईल ते जमिनीवरच उरकावे आणि वर फक्त टांगण्यापुरते व जोडण्यापुरते जावे.

सुरुवात हिशेबाने करावी. कोणत्या कामाला किती उजेड हवा याचे पल्ले आयएस ३६४६ या भारतीय मानकात दिलेले आहेत. व्यवहारात मी नुसत्या साठवणीच्या गोदामाला १०० ते १५० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप), साध्या यंत्रकामाला २०० ते ३००, पॅकिंगला ३०० आणि बारीक जुळणीला किंवा तपासणीच्या टेबलाला ५०० लक्स धरतो. समजा शेड ४० मीटर लांब व २० मीटर रुंद आहे आणि २०० लक्स हवे आहेत. क्षेत्रफळ ८०० चौरस मीटर, म्हणजे जमिनीवर १,६०,००० ल्युमेन (उजेडाचे एकक; चौरस मीटरमागे एक ल्युमेन म्हणजे एक लक्स) पोचले पाहिजेत. दिव्यातून निघालेला सगळा उजेड खाली येत नाही, काही भिंती आणि पत्रे खातात, त्यासाठी ०.७ चा गुणांक धरावा. पुढे धूळ बसून आणि दिवा जुना होऊन उजेड घटतो, त्यासाठी ०.८. या दोन्हींनी भागल्यावर सुमारे २,८६,००० ल्युमेन येतात. १५० वॅटचा, वॅटमागे १३० ल्युमेन देणारा एलईडी हायबे (उंच छताचा दिवा) १९,५०० ल्युमेन देतो, तेव्हा १५ दिवे पुरतात. शेडमध्ये ग्राइंडिंग किंवा पावडर कोटिंग चालणार असेल तर ०.८ च्या जागी ०.७ किंवा त्याहूनही कमी धरणे शहाणपणाचे.

पंधरा दिवे म्हणजे पाचाच्या तीन रांगा. लांबीत दोन दिव्यांमध्ये ८ मीटर, रुंदीत सुमारे ६.७ मीटर, आणि भिंतीपासून पहिला दिवा या अंतराच्या निम्म्यावर. दिवा जमिनीपासून ८ मीटरवर आणि कामाचे टेबल ०.८ मीटरवर धरले तर मधली उंची ७.२ मीटर होते. दिव्यांमधले अंतर या उंचीच्या सव्वापटीच्या आत राहिले, तर ९० अंशांत उजेड पसरवणाऱ्या हायबेखाली ठिगळांसारखे अंधारे पट्टे दिसत नाहीत. खरी अडचण पुढेच येते. ट्रस (छत पेलणारे लोखंडी सांगाडे) दर ५ मीटरला असतात आणि हिशेबाने दिवे यायला हवेत ४, १२, २०, २८ आणि ३६ मीटरवर, म्हणजे फक्त मधलाच दिवा ट्रसखाली येतो. अशा वेळी दिवे ट्रसवर सरकवून रांगा बिघडवण्यापेक्षा ट्रसच्या खालच्या अंगाला लांबीच्या दिशेने जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) चॅनेलच्या तीन ओळी क्लॅम्पने बांधाव्यात. दिवा हवा तिथे टांगता येतो आणि वायरिंगचा पाइपही त्याच चॅनेलवरून नेता येतो. ट्रसला भोक पाडू नये आणि वेल्डिंगही करू नये, कारण ट्रसची प्रत्येक कांब ठरावीक भारासाठी मोजून घातलेली असते. पर्लिनला (पत्रा पेलणाऱ्या आडव्या पट्टीला) लोंबकळत दिवा बांधण्याची सवय आपल्याकडे फार आहे, तीही सोडावी.

गोदामात उंच रॅक असतील तर हा सगळा आराखडा बाजूला ठेवावा. तिथे जमिनीपेक्षा रॅकच्या उभ्या तोंडावर उजेड हवा असतो, म्हणून दोन रॅकमधल्या बोळाच्या मध्यावर लांबट दिवे लावावेत. छतावर मोठा, संथ फिरणारा पंखा असेल तर एकही दिवा त्याच्या पात्यांच्या वर येऊ देऊ नये. पाती उजेड कापत राहतात आणि खाली काम करणाऱ्याचे डोके दुखू लागते. ओव्हरहेड क्रेन असेल तर दिवे क्रेनच्या ट्रॉलीच्या वर राहतील याची खात्री क्रेन दोन्ही टोकांपर्यंत चालवून करावी.

बडोद्याचा उन्हाळा हाही या हिशेबातला एक घटक आहे. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना पत्र्यालगतची हवा त्याहून कितीतरी तापलेली असते, आणि एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारे सर्किट) उष्णतेनेच मरतो. त्यामुळे दिवा पत्र्याला चिकटवून न लावता निदान मीटरभर खाली सोडावा आणि खरेदी करताना तो किती अंशांच्या भोवतालच्या तापमानापर्यंत चालतो ते बघून घ्यावे. ५० अंश लिहिलेले असेल तर उत्तम. पावसाळ्यात पत्र्याच्या जोडांतून पाणी झिरपते, तेव्हा आयपी ६५ (धूळ व पाण्यापासून बचावाच्या) दर्जाखालचा दिवा शेडमध्ये घेऊच नये.

वायरिंगमध्ये तीन रांगा तीन फेजवर वाटाव्यात. एका रांगेतले पाच दिवे मिळून साडेतीन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतात, तरी ६ अँपिअरचा बी कर्व्ह एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) लावू नये, कारण ड्रायव्हर चालू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढतात आणि सकाळी बटण दाबताच एमसीबी पडतो. १० अँपिअरचा सी कर्व्ह (अशी क्षणिक उसळी सोसणारा) आणि अडीच चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर योग्य. तीन फेजवर काम करताना सर्वांत जास्त लक्ष न्यूट्रलवर (तिन्ही फेजच्या परतीच्या सामाईक वायरवर) असावे. एका शेडमध्ये माझ्याच माणसाने डीबीतल्या (वीज वाटणाऱ्या पेटीतल्या) न्यूट्रलचे लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड) नीट क्रिंप न करता नुसते पक्कडीने दाबले होते. चार महिने सगळे ठीक चालले. मग एका दुपारी लग तापून सुटले, न्यूट्रल तुटताच एका फेजवरच्या दिव्यांना २३० ऐवजी साडेतीनशेहून अधिक व्होल्ट मिळाले आणि सहा ड्रायव्हर जळाले. शेठ दिव्यांच्या कंपनीला दोष देत होते. मी डीबी उघडून काळे पडलेले लग त्यांच्या हातावर ठेवले आणि सहाही ड्रायव्हर पदरचे भरून दिले. तेव्हापासून न्यूट्रलचे प्रत्येक लग क्रिंपिंग टूलनेच दाबले जाते, आणि मी ते स्वतः ओढून पाहतो. सर्ज प्रोटेक्शन मुख्य डीबीत लावावेच, पण ते क्षणिक उसळीसाठी असते. तुटलेल्या न्यूट्रलपासून ते वाचवत नाही.

आता जमिनीवरचे काम. सगळे दिवे खोक्यांतून काढून ताडपत्रीवर ओळीने मांडावेत आणि प्रत्येकाला मीटरभर तीन कोअरची लवचिक केबल व तिच्या टोकाला जलरोधक प्लग जोडून घ्यावा. वर त्याच जोडीचे सॉकेट ठेवले की पुढे कधी दिवा बदलायचा झाला तर वर उभे राहून स्क्रू उघडावे लागत नाहीत. मग तात्पुरते बोर्ड लावून सगळे दिवे रात्रभर चालू ठेवावेत. जो ड्रायव्हर मुळात कच्चा असतो तो बहुधा या पहिल्या काही तासांतच जातो, आणि तो जमिनीवर गेलेला बरा. सकाळी काचेवरची पातळ संरक्षक फिल्म सोलावी; फिल्मसकट टांगलेले दिवे मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहेत. शेवटी बॉडीवर खालून वाचता येईल एवढा मोठा क्रमांक रंगाने घालावा.

वर जाण्याचे काम परवानाधारक ठेकेदाराच्या देखरेखीखालीच व्हावे. एमसीबी बंद करून डीबीला कुलूप लावावे आणि किल्ली वर चढणाऱ्याच्या खिशात असावी. क्रेन असलेल्या शेडमध्ये गॅन्ट्रीच्या (क्रेनचे रूळ पेलणाऱ्या तुळईच्या) कडेने क्रेनला वीज देणाऱ्या पट्ट्या धावतात. दिव्यांचा एमसीबी बंद असला तरी त्या जिवंतच असतात, म्हणून त्यांचा पुरवठा वेगळा बंद करावा. सिझर लिफ्ट असेल तर जमीन सपाट आहे ना, गटारावरचे झाकण वजन पेलेल ना, हे आधी पाहावे आणि कठड्यावर चढून हात लांबवू नये. चाकांची परांची असेल तर तिची उंची पायाच्या लहान बाजूच्या तिपटीच्या आत ठेवावी, चाकांना ब्रेक लावावेत आणि वर माणूस असताना ती ढकलू नये. पूर्ण शरीराचा हार्नेस (सुरक्षेचा पट्टा) घालून त्याचा हूक देखरेख करणाऱ्याने दाखवलेल्या जागी अडकवावा. दिव्याच्या चॅनेलला तो कधीही अडकवू नये. पत्र्यावर, विशेषतः सिमेंटच्या किंवा पारदर्शक पत्र्यावर, पाय ठेवायचा विचारही करू नये. खाली दोरी बांधून जागा अडवावी आणि एक माणूस फक्त वर पाहण्यासाठी उभा करावा. उन्हाळ्यात हे काम सकाळी दहाच्या आत संपवावे.

दिवा दोरीने वर ओढून त्याचा हूक क्लॅम्पच्या आय बोल्टमध्ये (कडीच्या बोल्टमध्ये) डी शॅकलने (पिनेने बंद होणाऱ्या कडीने) अडकवावा आणि शॅकलची पिन बारीक तारेने बांधून टाकावी, म्हणजे यंत्रांच्या थरथरीने ती सैल होत नाही. त्याखेरीज एक सुटी स्टीलची सेफ्टी वायर दिव्यातून घेऊन चॅनेलऐवजी थेट ट्रसला बांधावी. दिवा चार-पाच किलोचाच असतो, पण आठ मीटरवरून पडतो तेव्हा ते वजन तेवढेच राहत नाही. अर्थिंगची वायर प्रत्येक दिव्याच्या बॉडीला आणि चॅनेलच्या प्रत्येक ओळीला पोचली पाहिजे.

पुरवठा देण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) वायरिंग तपासावे, मात्र त्याआधी सगळे प्लग काढावेत आणि सर्ज प्रोटेक्शनही सुटे करावे, नाहीतर मेगरच ड्रायव्हर मारील. फेज व न्यूट्रल एकत्र करून अर्थच्या विरुद्ध वाचन निदान १ मेगाओहम यायला हवे. मग प्लग लावून एकेक रांग चालू करावी.

उजेडाचे मोजमाप सूर्यास्तानंतर करावे, कारण पारदर्शक पत्र्यातून येणारा दिवसाचा उजेड लक्स मीटरला फसवतो. ०.८ मीटर उंचीवर मीटर धरून दिव्याखाली, दोन दिव्यांच्या मध्ये आणि कोपऱ्यांत अशी वाचने घ्यावीत आणि क्रमांक घातलेल्या आराखड्यावर लिहून तो कागद डीबीच्या दाराला आतून चिकटवावा. नव्या दिव्यांखाली २०० लक्सची सरासरी पाहून काम पुरे झाले असे समजू नये. २०० ला ०.८ ने भागल्यावर २५० येतात, आणि पहिल्या रात्री मीटरने तेवढी सरासरी दाखवली तरच धूळ बसल्यावरही खाली २०० उरतात.