कर्तेपणावर पाणी सोडताना: ओल्या कागदावर जलरंगाचा सराव

दान देताना हातावर पाणी घेऊन ते सोडतात, आणि त्या क्षणापासून दिलेली वस्तू आपली राहत नाही. हक्कावर उदक सोडणं म्हणतात ते हेच. ओल्या कागदावर ओला रंग टाकून चित्र करताना असंच करावं लागतं. ब्रश उचलला की पुढचं काम पाणी, रंगाचे कण आणि कागदाचा उतार करतात. मध्ये हात घातला की चित्र गढूळ होतं आणि ते लगेच डोळ्यांसमोर दिसतं. लेखनात किंवा गाण्यात आपण केलेली ओढाताण बराच काळ लपून राहू शकते. इथे ती पाच मिनिटांत उघडी पडते. कर्तेपण सोडण्याचा सराव करायला हे माध्यम म्हणूनच फार चोख आहे.

सोडणं म्हणजे वाट्टेल ते करणं, असा समज घेऊन बसलात तर पहिलाच कागद निराश करेल. गीतेच्या अकराव्या अध्यायात ‘निमित्तमात्र हो’ सांगण्याआधी श्रीकृष्ण अर्जुनाला ‘ऊठ’ म्हणतो. धनुष्य टाकून बसणं अर्जुनाने पहिल्याच अध्यायात करून झालं होतं. त्याच श्लोकात त्याला सव्यसाची अशी हाक आहे, म्हणजे दोन्ही हातांनी बाण सोडता येणारा. कसब पुरेपूर हवंच. या सरावाची मांडणीही तशीच आहे: पाणी लावण्याआधी सगळं नेमकं ठरवायचं, सात वेळा ब्रश टेकवायचा आणि मग पंधरा मिनिटं हात मांडीवर.

कागद आणि बाकीचं सामान

कागदावर पैसे वाचवू नका. रंग विद्यार्थ्यांसाठीचे चालतील, ब्रश साधा चालेल. कागद मात्र 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटनचा घ्या. 22 बाय 30 इंचांच्या पूर्ण शीटचे चार भाग केले की 11 बाय 15 इंचांचे तुकडे मिळतात. एका बैठकीला एक तुकडा पुरे. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद भिजला की फुगतो, खळग्यांत पाणी साचतं आणि रंग पसरायच्या आतच उरलेला भाग वाळतो. मग थांबून पाहायला काही शिल्लकच राहत नाही.

कागदाला आतून-बाहेरून सरसासारखा पातळ थर दिलेला असतो, त्याला सायझिंग म्हणतात. तो असला तरच रंग वर तरंगतो आणि पसरतो. तपासायचं असेल तर कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभरात थेंब आत मुरून डाग पडला, तर त्या कागदावर हा सराव होणार नाही. हाताने बनवलेले काही देखणे कागद नेमके इथे नापास होतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात उघडा ठेवलेला चांगला कागदही बिघडतो: सायझिंग जागोजागी मरतं आणि रंग लावल्यावर गडद ठिपके उमटतात. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आडवा ठेवा.

खाली ॲक्रिलिकची शीट किंवा गुळगुळीत लॅमिनेट घ्या. प्लायवूड पाणी पितं. पाणी लावायला दोन इंची मऊ चपटा ब्रश, रंगाला 12 नंबरचा गोल ब्रश, पाण्याची दोन भांडी.

रंग फक्त तीन: अल्ट्रामरीन ब्लू (ट्यूबवर पीबी 29), बर्न्ट सिएना (पीबीआर 7) आणि यलो ऑकर (पीवाय 43). पहिल्या दोघांचे कण जड असतात. ते कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दाणेदार पोत आपोआप तयार होतो. दोघं एकमेकांत मिसळले की सुंदर करडे रंग मिळतात, आणि ते गढूळ होत नाहीत. थॅलो ब्लू सुरुवातीला दूर ठेवा. तो ओल्या कागदावर झपाट्याने पसरतो, कागदाला पक्का चिकटतो आणि इतर दोन रंगांना बोलूच देत नाही.

आता जे टेबलावर असू नये ते. टिश्यू पेपर, बारीक ब्रश, हेअर ड्रायर आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. ही सगळी सुधारणा करण्याची साधनं आहेत. हाताशी असली की हात त्यांच्याकडे जातोच, मनाने कितीही ठरवलं असलं तरी.

बैठक

कोरड्या कागदासमोर पाच मिनिटं शांत बसा. मग वहीत तीनच गोष्टी लिहा: कोणता रंग जास्त, कागदाचा कोणता भाग पांढरा राहणार, उतार कोणत्या बाजूला. डोंगर, देऊळ, नदी असं काही ठरवू नका. विषय ठरला की डोळे त्याचीच ओळख शोधत राहतात आणि प्रत्यक्ष काय घडतंय ते दिसत नाही.

रंग आधीच कालवून ठेवा. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. कागदावर पाणी असतंच, त्यामुळे ब्रशमधला रंग वाटतो त्यापेक्षा दाट लागतो. कोऱ्या चहाइतका पातळ रंग ओल्या कागदावर नाहीसा होतो. दुधाइतका दाट रंग धुक्यासारखा पसरतो, तर सायीइतका दाट रंग आपला आकार थोडाफार धरून ठेवतो. दूध आणि साय, असे दोन दाटपणे प्रत्येक रंगाचे तयार ठेवा.

कागदाला आधी मागून, मग पुढून पाणी लावा. दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा लावा, म्हणजे पाणी आतपर्यंत पोचतं आणि कागद शीटला सपाट चिकटतो. आता बाजूने, डोळे कागदाच्या पातळीवर आणून चमक बघा. आधी ती आरशासारखी असते. तेव्हा रंग टाकला तर तो नुसता वाहून जातो. थोड्या वेळाने चमक मोत्यासारखी मंद होते, कागदाचा पोत दिसू लागतो, पण कोरडेपणा कुठेच नसतो. वेळ हीच. विदर्भात मे महिन्यात पंख्याखाली ती काही मिनिटांत निघून जाते. कोकणात जुलैमध्ये तोच कागद अर्धा तास ओला राहू शकतो. घड्याळापेक्षा चमकेवर विश्वास ठेवा.

कागदाच्या 15 इंची बाजूच्या एका टोकाशी, खालच्या ॲक्रिलिक शीटखाली तीन इंच जाडीची पुस्तकं सरकवा. साधारण 11-12 अंशांचा उतार मिळतो, एवढा पुरतो.

मग सात स्पर्श. प्रत्येक वेळी ब्रश पूर्ण भरा, भांड्याच्या कडेला एकदा निथळा, टेकवा आणि उचला. घासायचं नाही, मागे वळून त्याच जागी जायचं नाही. दोन स्पर्शांमध्ये एक संथ श्वास पूर्ण आत-बाहेर होऊ द्या. सातवा झाला की ब्रश पाण्यात ठेवून हात मांडीवर.

पुढची पंधरा मिनिटं, किंवा चमक पूर्ण जाईपर्यंत, यांतला जो वेळ जास्त असेल तेवढा वेळ फक्त बघायचं. बैठकीचा गाभा हाच आहे. साधारण तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला हात उचलावासा वाटतो: ‘तिथे थोडं निळं हवं होतं.’ ही उर्मी दाबू नका, तिच्या मागेही जाऊ नका. ती आली की वहीत एक रेघ ओढा आणि पुन्हा कागदाकडे पाहा. साक्षीभाव हा शब्द आपण फार सहज वापरतो. इथे त्याची रेघांमध्ये मोजदाद होते. पहिल्या दिवशी वीस रेघा आल्या तरी काही बिघडत नाही.

तुकोबांनी स्वतःला साळुंकीची उपमा दिली: बोलते ती, शिकवणारा धनी वेगळा. ओल्या कागदापाशी बसल्यावर ती उपमा नम्रतेची भाषा वाटत नाही, साधं निरीक्षण वाटतं. निळ्या रंगातून तांबूस कण वेगळे होऊन उताराला जमतात, ते कुणीही ब्रशने काढू शकत नाही.

काय बिघडतं आणि का

फ्लॉवरसारख्या दातेरी कडांचे डाग पडले, तर कागद अर्धा वाळल्यावर त्यावर पाणी गेलं आहे. ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असलं की ते वाळत्या रंगाला बाहेर ढकलतं आणि कडेला साचवतं. आठवा स्पर्श जवळजवळ नेहमी इथेच फसतो. काही वेळा कागदाच्या कडेला साठलेलं पाणीही वाळताना आत शिरतं. म्हणून स्पर्श सुरू करण्याआधी चारी कडा कापडाने एकदा टिपून घ्या, आणि ते कापडही खोलीबाहेर ठेवा.

सगळं एकसारखं मातकट झालं, तर ब्रश घासला गेला आहे किंवा तिन्ही रंग एकाच जागी गेले आहेत. सगळं फिकट झालं, तर रंग पातळ होता. जलरंग वाळल्यावर फिका पडतोच, त्यामुळे ओला असताना ‘जरा जास्तच गडद झालं’ वाटणं योग्य आहे. भित्रेपणाने टाकलेल्या रंगाला सोडून देणं म्हणता येत नाही, कारण तिथे सोडण्यासारखं काही दिलेलंच नसतं.

याहून अवघड चूक थोड्या सरावानंतर येते. एखाद्या दिवशी मिठाचे दाणे टाकून किंवा पाणी शिंपडून सुंदर परिणाम मिळतो, मग तो दर वेळी हवासा वाटतो. अपघात मागवायला लागलो की नियंत्रण मागच्या दाराने परत आलेलं असतं. पहिले दहा कागद मीठ, शिंपडणं, फुंकर यांतलं काहीही करू नका.

ओल्या चित्रावर मत देऊ नका आणि त्याचा फोटोही कुणाला पाठवू नका. दोन तासांनी, दमट हवेत दुसऱ्या दिवशी, हाताची मागची बाजू कागदाला लावून पाहा. गार लागला तर आत अजून ओल आहे.

कागद पूर्ण वाळल्यावर एकच निर्णय घ्यायचा: आहे तसा ठेवायचा, की कोरड्यावर एक थर चढवायचा. थर चढवायचा असेल तर कसब, शिस्त, रेखाटन सगळं वापरा. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने तैलरंगाचे थर चढवत आणि काढत. वर्षाला मोजकीच चित्रं होत. बराच वेळ शांत बसण्यात आणि पाहण्यात जाई. निर्णय कमी ठेवणं ही त्यांच्या कामातली मोठी शिस्त होती.

आठवड्याला तीन बैठका पुरे. बिघडलेले कागद फेकू नका; नळाखाली मऊ ब्रशने धुतले तर अल्ट्रामरीन बराचसा निघतो आणि मागची बाजू रंगाचा दाटपणा तपासायला वापरता येते. सरावाच्या कागदावर सही करू नका. मागे पेन्सिलीने तारीख, हवा कोरडी होती की दमट, आणि वहीतल्या रेघांची संख्या लिहा.